राजहंस न होणाऱ्या मुलींची लेखिका

'लोकप्रिय' हा शब्द आपल्याकडे मोठा चमत्कारिक आहे. लेखकाला तो कौतुकानं लावला जातो आणि त्याच दमात त्याला एक पायरी खालीही बसवलं जातं. 'लोकप्रिय आहेत हो त्या, पण...' असं म्हणून जाणकार मंडळी थांबतात. त्या 'पण'च्या पुढे काय असतं ते कुणी स्पष्ट सांगत नाही. पुस्तकं खपतात, वाचनालयातून हातोहात जातात, पण साहित्य म्हणून त्यांचं काय, असा तो प्रश्न असतो.

आज मी ज्या लेखिकेबद्दल बोलणार आहे, तिच्या वाट्याला हा 'पण' आयुष्यभर आला. नाव मेव्ह बिंची. आयर्लंडची कादंबरीकार. त्यांच्या पुस्तकांच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आणि ३७ भाषांमध्ये ती वाचली गेली. २००० साली जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्तानं आवडत्या लेखकांसाठी वाचकांचा कौल घेतला गेला, तेव्हा बिंचीबाई तिसऱ्या आल्या. जेन ऑस्टिन आणि चार्ल्स डिकन्स त्यांच्या मागे होते. जॉइस, येट्स आणि बेकेट यांच्या देशातली ही गोष्ट आहे. अशा देशात सोपं, सरळ, बोलल्यासारखं लिहिणाऱ्या बाईकडे समीक्षकांनी थोडं वरूनच पाहिलं तर नवल नाही. मला मात्र त्यांच्या कादंबऱ्या वाचताना नेहमी वाटत आलं आहे की हे सोपेपण फसवं आहे. त्या सोप्या वाक्यांच्या आड एका सबंध समाजाची झाकून ठेवलेली दुखणी आहेत.

मेव्ह बिंची यांचा जन्म २८ मे १९३९ चा. डब्लिनच्या दक्षिणेला समुद्रकाठी डॉकी नावाचं गाव आहे, तिथला. वडील बॅरिस्टर, आई लग्नापूर्वी नर्स. चार भावंडांत मेव्ह थोरली. घर खाऊनपिऊन सुखी आणि गप्पांचं. मुलगी अंगानं धिप्पाड. पुढे उंची सहा फुटांच्याही वर गेली. नाचाच्या कार्यक्रमात मुलं आपल्याकडे वळत नाहीत, हे तरुणपणी या मुलीच्या लक्षात आलं. त्यावर तिनं शोधलेला उपाय म्हणजे बोलणं आणि ऐकणं. लोकांना बोलतं करण्याची ही कला त्यांच्या सगळ्या लेखनाचं भांडवल ठरली.

डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून इतिहासाची पदवी घेऊन त्या शिक्षिका झाल्या. इतिहास, लॅटिन, फ्रेंच असे विषय मुलींच्या शाळांमध्ये शिकवू लागल्या. त्यांतली एक शाळा ज्यू मुलांची होती. तिथल्या पालकांनी आपल्या आवडत्या बाईंना कृतज्ञता म्हणून इस्रायलच्या प्रवासाची भेट दिली. १९६३ साली मेव्ह तिकडे गेल्या आणि एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, राहून काम करू लागल्या. घरी काळजी नको म्हणून त्या लांबलचक पत्रं लिहीत. तिथलं ऊन, तिथलं जेवण, तिथली माणसं, सगळं त्यात असे. वडिलांना ती पत्रं इतकी आवडली की त्यांनी एका पत्रातला 'प्रिय बाबा' वगैरे मजकूर काढून टाकला, ते टंकलिखित केलं आणि परस्पर वृत्तपत्राकडे पाठवून दिलं. लेख छापून आला. त्याचे १८ पौंड मिळाले. शाळेतला आठवड्याचा पगार तेव्हा १६ पौंड होता!

लेखिकेच्या जन्माची ही कथा मला फार अर्थपूर्ण वाटते. मेव्ह बिंची लिहायला बसल्या आणि लेखिका झाल्या असं घडलंच नाही. घरच्या माणसांशी जे बोलायचं ते कागदावर आलं, आणि ते इतरांनाही आपल्याशीच बोलल्यासारखं वाटलं. पुढे त्यांनी होतकरू लेखकांना जो सल्ला दिला, त्याचा सारांशही हाच आहे: जसं बोलता तसं लिहा. आपण बोलताना जो शब्द वापरत नाही, तो कागदावर वापरू नका. ऐकायला हे सोपं आहे. करून पाहणाऱ्याला कळतं की मोठ्या शब्दांचा आडोसा गेला, की सांगण्यासारखं आपल्याजवळ किती आहे ते उघडं पडतं.

त्याच प्रवासात आणखी एक गोष्ट घडली. त्या कट्टर कॅथलिक संस्कारांत वाढल्या होत्या. जेरुसलेमला गेल्यावर येशूनं शिष्यांसह शेवटचं भोजन जिथे केलं ती जागा पाहायला त्या मोठ्या श्रद्धेनं गेल्या. मनात चित्रातलं दृश्य होतं. प्रत्यक्षात समोर आली एक साधी, गुहेसारखी जागा आणि राखण करणारा एक सैनिक. 'हेच का ते?' असं त्यांनी विचारलं तेव्हा सैनिकानं थट्टा केली, की बाई, तेरा जणांची ताटं मांडलेलं टेबल दिसेल असं वाटलं होतं का तुम्हाला? त्या क्षणी आपली श्रद्धा गेली, असं त्या पुढे सांगत. पण ज्यांची श्रद्धा टिकून होती त्यांची टवाळी त्यांच्या पुस्तकांत मला आढळली नाही. त्यांच्या कादंबऱ्यांतले पाद्री आणि नन कधी कठोर असतात, कधी प्रेमळ, कधी गोंधळलेले. म्हणजे माणसं असतात.

१९६८ साली 'आयरिश टाइम्स' या दैनिकात महिलांच्या पानाची संपादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पत्रकारितेचा अनुभव जवळजवळ शून्य. त्या काळातला एक किस्सा त्या स्वतःच रंगवून सांगत. एका पाककृतीसोबत छापायला छायाचित्र हवं होतं. घाईघाईत हाताला लागलेलं एक छायाचित्र त्यांना रश्श्याच्या पातेल्यासारखं दिसलं आणि त्यांनी ते लावलं. ते निघालं हृदयावरच्या शस्त्रक्रियेचं!

हसण्याची गोष्ट सोडून देऊ. ते पान त्या वेळी काय होतं हे समजण्यासाठी तेव्हाचा आयर्लंड डोळ्यांपुढे आणायला हवा. १९३७ च्या राज्यघटनेनं घटस्फोटाला बंदी घातलेली. संततिनियमनाच्या साधनांची विक्री आणि आयात १९३५ पासून बेकायदा. सरकारी नोकरीतल्या बाईनं लग्न केलं की तिनं राजीनामा द्यायचा, हा नियम १९७३ पर्यंत चालू होता. लग्नाशिवाय आई होणाऱ्या मुलीला ननच्या आश्रमात नेऊन ठेवत आणि तिचं मूल दुसऱ्याला देऊन टाकत. १९७१ च्या मे महिन्यात काही स्त्रिया डब्लिनहून आगगाडीनं बेलफास्टला गेल्या, तिथे कायद्यानं मिळणारी संततिनियमनाची साधनं विकत घेतली आणि ती उघडपणे हातात मिरवत परत आल्या. कस्टमच्या अधिकाऱ्यांनी काय करावं? त्यांनी दुसरीकडे पाहिलं. त्या स्त्रियांमध्ये 'आयरिश टाइम्स'ची पत्रकार नेल मॅकॅफर्टीही होती. बिंचीबाई ज्या वर्तमानपत्राचं महिलांचं पान चालवत होत्या, त्याच्या आसपास असं वारं वाहत होतं. स्वयंपाक आणि कपड्यांच्या शेजारी नोकरी, वेतन, लग्न, कायदा हे विषय येऊ लागले होते.

बिंचीबाई स्वतः घोषणा देणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांची रीत वेगळी. बसमध्ये, उपाहारगृहात, दुकानाच्या रांगेत लोक काय बोलतात ते त्या कान देऊन ऐकत आणि तेच आपल्या सदरात मांडत. पुढे त्या लंडनला गेल्या आणि तिथून लिहू लागल्या. १९७३ साली ब्रिटनची राजकन्या अ‍ॅन हिचं लग्न झालं, त्याचा वृत्तान्त त्यांनी अशा खट्याळ शैलीत लिहिला की वाचकांच्या संतप्त पत्रांचा पाऊस पडला. लंडनमध्येच त्यांची गाठ गॉर्डन स्नेल या बीबीसीच्या निवेदकाशी पडली. १९७७ साली दोघांनी लग्न केलं. स्नेल पुढे मुलांसाठी पुस्तकं लिहू लागले. तुला कादंबरी लिहिता येईल, हा धोशा त्यांनी लावला नसता तर आपण सदरलेखिकाच राहिलो असतो, असं बिंचीबाई मानत.

लंडननं त्यांना आणखी एक मोठा विषय दिला, तो म्हणजे घर सोडून आलेले आयरिश. १९५० च्या दशकात सुमारे चार लाख माणसं आयर्लंड सोडून गेली. जेमतेम २८ लाखांवर येऊन ठेपलेल्या देशातून चार लाख! बहुतेक जण इंग्लंडला गेले, बांधकामावर आणि रुग्णालयांत राबले. गावाकडे पैसे पाठवत राहिले आणि इकडच्या पत्त्यावर दुसरंच आयुष्य जगत राहिले. बिंचीबाईंनी आयरिश दूरचित्रवाणीसाठी 'डीपली रिग्रेटेड बाय' नावाचं नाटक लिहिलं, त्यात हेच आहे. लंडनमधला एक आयरिश माणूस मरतो. त्याच्या मागे बायको आहे, मुलं आहेत. अंत्यविधीची जुळवाजुळव करताना तिला कळतं, की आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या गावात त्याची आणखी एक बायको आणि मुलं आहेत. खलनायक कुणीच नाही. घटस्फोट न देणारा कायदा आहे, पोट भरू न देणारं गाव आहे, आणि दोन स्त्रिया आहेत. दोघींनाही दुःख करण्याचा हक्क आहे.

त्यांचे पहिले कथासंग्रह 'सेंट्रल लाइन' आणि 'व्हिक्टोरिया लाइन' हे लंडनच्या भुयारी रेल्वेच्या मार्गांवर बेतलेले. प्रत्येक कथेला एकेका स्थानकाचं नाव. लोकलच्या डब्यात समोरच्या बाकावरच्या बाईचा चेहरा पाहून 'हिच्या घरी काय चाललं असेल' असा विचार ज्यांच्या मनात कधी आला असेल, त्यांना या कथा चटकन आपल्या वाटतील.

मग नोकरी सांभाळून कादंबरी लिहिली गेली. 'लाइट अ पेनी कँडल'. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागतात म्हणून एलिझाबेथ या इंग्रज मुलीला आयर्लंडमधल्या एका छोट्या गावी ओकॉनर कुटुंबात पाठवलं जातं. तिथल्या अ‍ॅश्लिंगशी तिची मैत्री जमते आणि वीस वर्षं टिकते. पाच प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत केलं. सहाव्यानं घेतलं आणि त्यासाठी ५२ हजार पौंड मोजले. पहिल्या कादंबरीसाठी तोवर इतकी रक्कम कुणाला मिळाली नव्हती असं म्हणतात. तेव्हा बिंची-स्नेल दांपत्याचे घरकर्जाचे दोन महिन्यांचे हप्ते थकलेले होते. कादंबरी १९८२ साली प्रसिद्ध झाली. लेखिका ४३ वर्षांची होती. ज्या वडिलांनी पहिलं पत्र वृत्तपत्राकडे धाडलं, ते आणि आई दोघंही हे पाहायला हयात नव्हते.

आता त्या 'पण'कडे परत येऊ. या कादंबऱ्यांमध्ये असं आहे तरी काय?

'एकोज' ही १९८५ ची कादंबरी घ्या. समुद्रकाठचं कॅसलबे नावाचं काल्पनिक गाव. क्लेअर ओब्रायन ही दुकानदाराची मुलगी हुशार आहे. आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं ते १९६७ साली. ही गोष्ट त्याआधीची. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तर शाळा, नाहीतर दुकानाच्या गल्ल्यामागे उभं राहणं. अँजेला ओहारा नावाची शिक्षिका तिला शिकवायचं मनावर घेते. या अँजेलाच्या घरीही एक गुपित आहे. तिचा भाऊ पूर्वेकडच्या देशात धर्मप्रसाराला गेलेला पाद्री. आई त्याच्या नावानं गावात मान मिळवते आहे. भावानं मात्र धर्मवस्त्रं उतरवून एका जपानी स्त्रीशी लग्न केलं आहे आणि हे फक्त अँजेलाला माहीत आहे. आईचा मान राखायचा म्हणून ती वर्षानुवर्षं खोटं बोलत राहते. एका गावात मुलीनं शिकणं आणि भावानं पाद्रीपण सोडणं या दोन्ही गोष्टी किती अवघड होत्या, हे आपल्याला कुठलंही भाषण न ऐकता कळतं.

किंवा 'द ग्लास लेक', १९९४ ची. बारा-तेरा वर्षांच्या किटची आई एका रात्री नाहीशी होते. तळ्यावर नाव उलटलेली सापडते. घरात वडिलांच्या नावाचं एक पाकीट किटच्या हाती लागतं. आईनं जीव दिला असणार आणि हे तिचं शेवटचं पत्र असणार, असं मुलीला वाटतं. आत्महत्या केलेल्या माणसाला चर्च आपल्या पवित्र भूमीत जागा देत नसे. आत्महत्या हा आयर्लंडच्या कायद्यात १९९३ पर्यंत गुन्हा होता. म्हणून आईला गावाबाहेर पुरलं जाऊ नये यासाठी ती पोर ते पाकीट न फोडताच जाळून टाकते. त्या पत्रात मात्र वेगळंच लिहिलेलं होतं. आई जिवंत आहे. नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर लंडनला गेली आहे. पत्र जळल्यामुळे तिला आता मेलेलंच राहावं लागतं. रहस्यकथेला शोभावी अशी ही कल्पना आहे. पण तिचा सगळा जोर कशावर आहे पाहा: एका लहान मुलीला चर्चचा नियम ठाऊक आहे आणि आईवरच्या मायेपोटी ती त्या नियमाला चुकवते. हे नियम नसते तर ही कादंबरी उभीच राहिली नसती.

म्हणूनच मला वाटतं, की बिंचीबाईंना 'हलकंफुलकं लिहिणाऱ्या' म्हणणाऱ्यांनी त्यांच्या कथानकांचे सांधे तपासलेले नाहीत. त्या सांध्यांमध्ये आयर्लंडचा सामाजिक इतिहास आहे. ज्या गोष्टी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात बोलल्या जात, त्या त्यांनी लाखो प्रतींमध्ये उघड केल्या, आणि त्याही कुणाला झिडकारून न टाकता. त्यामुळे गावातल्या आजीनंही त्या वाचल्या आणि नातीनंही.

आता त्यांच्या लेखनाच्या गाभ्याकडे येते. बदकांच्या पिलांत वाढलेल्या राजहंसाचं गदिमांचं गाणं आपल्या सगळ्यांच्या लहानपणात आहे. मूळ गोष्ट अँडरसनची. सगळे ज्याला हिणवत होते ते पिल्लू अखेर राजहंस निघतं, आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. बिंचीबाईंना या गोष्टीचा शेवट मान्य नव्हता. त्या म्हणत, की माझ्या गोष्टींत कुरूप बदकाचा राजहंस होत नाही. त्याचं आत्मविश्वासानं चालणारं बदक होतं. आधी आपण हसतो. मग लक्षात येतं, की राजहंसाच्या गोष्टीत न्याय मिळतो तो देखण्या निघालेल्या पिलालाच. जे खरोखर बदकच होतं, त्याचं काय?

'सर्कल ऑफ फ्रेंड्स' ही १९९० ची कादंबरी या एका प्रश्नावर उभी आहे. बेनी होगन ही नॉकग्लेन गावातल्या कापडदुकानदाराची एकुलती एक, थोराड बांध्याची, लाडात वाढलेली मुलगी. तिची जिवलग मैत्रीण ईव्ह ही ननच्या आश्रमात वाढलेली पोरकी पोर. १९५७ साली दोघी डब्लिनच्या महाविद्यालयात जातात. तिथे त्यांना भेटते देखणी, महत्त्वाकांक्षी नॅन, आणि सगळ्या मुली जिच्यावर भाळतात अशी एक स्वारी, जॅक फोली. आश्चर्य म्हणजे जॅकला बेनी आवडते. आपल्याला वाटतं, झाला राजहंस! तेवढ्यात बेनीचे वडील जातात, दुकानाची जबाबदारी अंगावर येते, रोज संध्याकाळी गावाकडची बस गाठावी लागते. नॅन दुसऱ्याच एका श्रीमंत मुलापासून गरोदर राहिलेली असते. तो हात झटकतो. त्या काळात अशा मुलीपुढे काय वाट होती ते मघाशी सांगितलंच. नॅन मग जॅकला जाळ्यात ओढते. पुढे ते सगळं फिसकटतं आणि जॅक बेनीकडे परत येतो.

इथे कादंबरी आणि तिच्यावरचा चित्रपट यांच्या वाटा वेगळ्या होतात. १९९५ सालच्या चित्रपटात मिनी ड्रायव्हरनं बेनीचं काम फार गोड केलं आहे. पण चित्रपटात बेनी शेवटी जॅकला पदरात घेते. पुस्तकात ती तसं करत नाही. तो समोर उभा असतो, तसाच देखणा, पश्चात्ताप झालेला, आणि बेनीला जाणवतं की आपल्याला आता त्याची गरज उरलेली नाही. आक्रस्ताळेपणा नाही, सूड नाही, टाळ्या घेणारं वाक्य नाही. ती आपल्या मित्रमैत्रिणींमध्ये परत जाते. चित्रपटवाल्यांना प्रेक्षकांसाठी गोड शेवट हवासा वाटला असेल. पण ज्या लेखिकेला 'गोड गोड लिहिणारी' म्हणून नाकं मुरडली गेली, तिनं तो शेवट नाकारला होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढच्या कादंबऱ्यांतही हेच सूत्र दिसतं. 'ईव्हनिंग क्लास'मध्ये मुख्याध्यापकपद हुकलेला एक शिक्षक आणि प्रियकराखातर २६ वर्षं सिसिलीत काढून रिकाम्या हातांनी परतलेली एक बाई मिळून गरीब वस्तीतल्या शाळेत संध्याकाळचा इटालियन भाषेचा वर्ग काढतात. इटालियन येऊन कुणाला नोकरी लागणार नसते. पण वर्गात येणारा प्रत्येक जण थोडा ताठ उभा राहू लागतो. 'तारा रोड' ही कादंबरी १९९८ ची. घटस्फोटावरची बंदी उठवायची की नाही यावर आयर्लंडनं १९९५ साली सार्वमत घेतलं आणि अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मताधिक्यानं ती उठली. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या या कादंबरीत नवरा सोडून गेलेली डब्लिनची रिया आणि मुलगा गमावलेली अमेरिकेतली मर्लिन एका उन्हाळ्यापुरती घरांची अदलाबदल करतात. दुसऱ्याच्या घरात राहताना दोघींना आपलं घर दुरून दिसतं. ओप्रा विन्फ्रेनं १९९९ साली आपल्या वाचक मंडळासाठी हे पुस्तक निवडलं आणि अमेरिकेतही ते घरोघरी गेलं.

गुण सांगताना दोषही सांगायला हवेत. बिंचीबाईंच्या कादंबऱ्या लांबतात. पात्रांची गर्दी होते. योगायोग फार. अखेरच्या काही पुस्तकांत दुष्ट माणसं वेळेवर बाजूला होतात आणि चांगल्या माणसांना एकमेकांचे पत्ते जरा सहज सापडतात. त्याच वर्षांत आयर्लंडच्या उत्तरेला जो रक्तपात चालू होता, त्याची सावली या कादंबऱ्यांवर फारशी पडत नाही. भाषेचं नवल वाटावं असं वाक्य शोधायला गेलात तर निराश व्हाल. वाक्याकडे लक्ष जाऊ नये, माणसाकडे जावं, हेच त्यांना हवं होतं. ज्याला साहित्यात प्रथम भाषेचा विलास हवा असतो, त्यानं दुसरीकडे जावं हे बरं.

१९८० च्या सुमारास हे जोडपं डॉकीला परतलं आणि अखेरपर्यंत तिथल्या छोट्या घरात राहिलं. पैसा आला तरी घर बदललं नाही. माडीवरच्या एकाच लांब टेबलाशी दोघं शेजारी बसून लिहीत. लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं आणि खरं मत द्यायचं, असा नियम. मत आवडलं नाही तर रुसायची मुभा होती, पण दहा मिनिटंच! पुढे संधिवातानं बिंचीबाईंना गाठलं, हृदयाचं दुखणं सुरू झालं. २००० साली त्यांनी पुस्तकांसाठीचे दौरे थांबवले. लिहिणं थांबवलं नाही. हृदयरोगावरच्या उपचारांच्या अनुभवातून 'हार्ट अँड सोल' ही दवाखान्यात घडणारी कादंबरी आली. दुखणाइतांच्या रांगेतही त्यांचे कान उघडेच होते.

३० जुलै २०१२ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटची कादंबरी 'अ वीक इन विंटर' त्यानंतर प्रसिद्ध झाली. तिची नायिका चिकी तरुणपणी एका अमेरिकन मुलामागे न्यूयॉर्कला जाते. तो तिला सोडून देतो. घरी काय सांगायचं? ती लग्न झाल्याचं कळवते, सुखी संसाराची पत्रं लिहीत राहते, आणि खोटं उघड व्हायची वेळ येते तेव्हा त्या कधीच नसलेल्या नवऱ्याला मोटारीच्या अपघातात मारून टाकते. मग विधवा म्हणून ती गावी परतते आणि एक पडकं घर दुरुस्त करून तिथे हॉटेल काढते. वयाच्या सत्तरीनंतरही बिंचीबाईंना याच गोष्टीचं कुतूहल होतं, की माणसं घरच्यांपासून काय लपवतात, आणि का.

त्यांच्या निधनानंतर लगेच एका इंग्रजी दैनिकात लेख आला. त्यात असा प्रश्न होता, की बिंची यांना मूल नव्हतं. त्या आई असत्या तर त्यांचं लेखन अधिक खोल झालं असतं का? वाचक आणि लेखक दोघंही भडकले. पुरुष लेखकाच्या चितेशेजारी उभं राहून असा प्रश्न कुणी विचारला असता का, असं अनेकांनी विचारलं. मला त्या लेखाचं नवल याच्यासाठी वाटलं, की या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांमध्येच होतं. आईचं पत्र जाळणारी किट, आईसाठी खोटं बोलणारी अँजेला, मुलगा गमावलेली मर्लिन, या बायका लिहिण्यासाठी लेखिकेला आई असावं लागलं नाही. तिला गप्प बसून ऐकावं लागलं. ज्यांना आपल्या बोलण्याला काही किंमत आहे असंच कधी वाटलं नव्हतं, अशांचं बोलणं तिनं ऐकलं.

म्हणून 'लोकप्रिय, पण' मधला तो 'पण' मी खोडून टाकला आहे. चार कोटी पुस्तकं विकत घेणारी माणसं स्वप्नरंजनासाठीच आली असती, तर त्यांना राजहंसाच्या गोष्टी कुठेही मिळाल्या असत्या. त्यांनी मेव्ह बिंची निवडली. तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'सर्कल ऑफ फ्रेंड्स'पासून करा. शेवटच्या पानांवर जॅक दारात येऊन उभा राहील तेव्हा, काय व्हावं असं आपल्याला वाटतं, ते एकदा स्वतःला विचारा. आणि मग बेनी काय करते ते वाचा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)